मुरुमांचे खड्डे आणि केमिकल पील: कोणी करून घेतलंय का?

झुळूक
नमस्कार मंडळी. कॉलेजात असताना मला भरपूर मुरूम यायचे. आता येतात ते पाळीच्या आसपास एखाददुसरे. पण दोन्ही गालांवर आणि कानशिलांजवळ खड्डे राहिलेत आणि हनुवटीवर तपकिरी डाग. बाणेरच्या एका क्लिनिकमध्ये दाखवलं. तिथे सहा पीलचं, म्हणजे चेहऱ्याला ॲसिड लावून वरची साल काढायचं, पॅकेज सांगितलं, आधी ग्लायकोलिक ॲसिड आणि मग टीसीए नावाचं. पैसे सगळे आगाऊ. जास्त वेळ बोलली ती काउन्सेलर, डॉक्टर जेमतेम डोकावून गेले. खड्ड्यांना कोणी हात लावूनही बघितला नाही.

माझा रंग सावळा आहे, रोज दुचाकीवरून हिंजवडीला जाते आणि मे महिन्यात लग्न आहे. मला एवढंच विचारायचंय: पीलने खड्डे भरतात का? आणि चेहरा काळवंडायची भीती कितपत खरी? ज्यांनी स्वतः करून घेतलंय त्यांनी कृपया सविस्तर लिहा.

पाऊसवेडी
अभिनंदन झुळूक! मलाही हेच विचारायचं होतं. वाचतेय.

आजीबाईचा_बटवा
पोरींनो, ॲसिड कशाला लावता चेहऱ्याला? जायफळ सहाणेवर दुधात उगाळून रात्री डागांवर लावा. मसुराची डाळ भिजवून वाटा, त्यात चिमूटभर हळद आणि लिंबाचे चार थेंब. आमच्या घरात तीन पिढ्या हेच चालत आलंय.

केमिस्ट_काका
आजी, जायफळाबद्दल मी काही बोलत नाही, पण लिंबू मात्र नको. लिंबाचा रसही ॲसिडच आहे, त्याचा पीएच साधारण २ असतो. फरक इतकाच की क्लिनिकमधल्या ॲसिडची तीव्रता मोजलेली असते, ते किती मिनिटं ठेवायचं हे ठरलेलं असतं. त्यातून लिंबाच्या सालीत अशी द्रव्यं असतात की ती कातडीवर असताना ऊन लागलं तर फोड येतात आणि मागे काळे पट्टे राहतात. उन्हाळ्यात सरबतं करणाऱ्यांच्या हातावर असे पट्टे उठलेले दिसतात.

पीलमधली ॲसिडं थोडी समजून घ्या, म्हणजे क्लिनिकमध्ये नेमकं विचारता येईल. ग्लायकोलिक मूळचं उसातलं. त्याचा रेणू लहान, त्यामुळे झपकन आत शिरतं. वेळ झाली की सोडियम बायकार्बोनेटच्या पाण्याने ते थांबवावंच लागतं, नाहीतर काम करत राहतं. सॅलिसिलिक तेलात विरघळतं म्हणून तेलकट, मुरूम येणाऱ्या कातडीच्या रंध्रांत उतरतं, आणि ते आपोआप थांबतं. मँडेलिकचा रेणू मोठा, सावकाश शिरतो, म्हणून नाजूक किंवा सावळ्या कातडीला सौम्य पडतो. टीसीए म्हणजे ट्रायक्लोरोॲसिटिक ॲसिड. त्याने कातडीतली प्रथिनं गोठतात आणि पांढरा थर दिसतो, त्याला फ्रॉस्ट म्हणतात. किती पांढरं झालं यावरून डॉक्टर खोली ओळखतात. नुसत्या टक्क्यावर जाऊ नका. तीव्रता, पीएच, किती थर दिले, किती वेळ ठेवलं, या सगळ्यावर परिणाम ठरतो.

आणि हात जोडून सांगतो, ऑनलाइन मिळणारी ३० किंवा ७० टक्क्यांची बाटली मागवून घरी लावू नका.

अबोली
मी केलंय. सॅलिसिलिकच्या बैठका, दर दोन-तीन आठवड्यांनी, काही महिने. सविस्तर लिहिते.

आधी स्पिरिटने चेहरा पुसून तेल काढतात. नाकपुड्यांच्या कडा, ओठ आणि डोळ्यांचे कोपरे यांवर व्हॅसलीन, डोळ्यांवर ओल्या कापसाच्या घड्या. मग ब्रशने किंवा गॉजने कपाळापासून सुरुवात. मिनिटभरात चुरचुरायला लागतं, हातात छोटा पंखा देतात. थोड्या वेळाने चेहऱ्यावर पांढरी पूड दिसते. ते सॅलिसिलिकचे सुकलेले कण, कातडी भाजलेली नाही. मग चुरचुर एकदम थांबून बधीर वाटतं. दुसऱ्या दिवशी चेहरा ताणल्यासारखा होतो, आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी तोंडाच्या कडांजवळ साल सुटायला लागते, कारण बोलताना-हसताना तिथलीच कातडी जास्त हलते. ती साल ओढायचा मोह आवरायचा! मी ऑफिसला रोज गेले, कोणाला फारसं कळलं नाही.

परिणाम: नवे मुरूम खूप कमी झाले, डाग बऱ्यापैकी फिके झाले, चेहरा उजळ दिसायला लागला. खड्डे होते तिथेच आहेत. पैसे फुकट गेले असं मी म्हणणार नाही, पण खड्ड्यांसाठी करणार असशील तर आशा ठेवू नकोस.

नागपुरी_संत्रा
अबोली, इथे माझं मत वेगळं आहे. पीलने खड्डे जात नाहीत असं सरसकट म्हणू नका. माझे खड्डे बारीक टोकदार होते, सुईने टोचल्यासारखे. त्यांत टीसीएचेच ठिपके दिले. अख्ख्या चेहऱ्याला नाही, एकेका खड्ड्यात टूथपिकच्या टोकाने. टोक टेकलं की खड्डा काही सेकंदांत खडूसारखा पांढरा. झोंबतं, पण चेहराभर नाही. मग बारीक खपल्या धरतात आणि आठवड्याभरात गळतात. महिना-दीड महिन्याने पुन्हा. आता आरशाजवळ गेल्याशिवाय दिसत नाहीत.

फक्त हे सगळं हिवाळ्यात. आमच्याकडे मे महिन्यात पील वेगळं करावं लागत नाही, ऊनच साल काढतं 😀

झुळूक
अबोली, संत्रा, दोघांचेही आभार. एक म्हणते भरत नाहीत, एक म्हणतो भरले. माझे खड्डे कुठल्या प्रकारचे हे मी कसं ओळखू?

अंजन
मी त्वचारोगतज्ज्ञ आहे, कोल्हापूरला प्रॅक्टिस करते. चेहरा बघितल्याशिवाय उपचार सांगणार नाही, पण हा प्रश्न माझ्याकडे रोज येतो म्हणून थोडं मोठं लिहिते.

अबोली आणि संत्रा दोघंही बरोबर आहेत, कारण दोघांनी वेगवेगळ्या गोष्टींवर वेगवेगळे उपचार घेतले. लोक 'मुरुमांचे डाग' म्हणतात त्यात दोन गोष्टी मिसळलेल्या असतात. तपकिरी किंवा लालसर डाग सपाट असतो. बोट फिरवलं तर हाताला काही लागत नाही. ही कातडीला आलेली सूज ओसरल्यावर उरलेली खूण. काळजी घेतली तर काही महिन्यांत, कधी वर्षभरात ती फिकी होते, आणि हलक्या पीलने तो काळ कमी होतो. झुळूकच्या हनुवटीवर बहुधा हेच असावं.

खड्डा हा खरा व्रण. मुरूम खोलवर सुजला की खालच्या थरातलं कोलॅजन, म्हणजे कातडीला आधार देणारं प्रथिन, नष्ट होतं आणि वरची कातडी खचते. चेहऱ्याचा वरचा थर मिलिमीटरच्या दहाव्या भागाइतका असतो. हलकं पील त्या थरातच काम करतं, खड्ड्याचा तळ त्याच्या खूप खाली असतो. भिंतीला पोचा पडला असेल तर वरचा रंग खरवडून तो भरत नाही, तसंच हे.

खड्डे तीन तऱ्हांचे. टोकदार आणि खोल असतात त्यांना आइसपिक म्हणतात, तोंड साधारण २ मिलिमीटरपेक्षा अरुंद. रुंद आणि उभ्या कडांचे ते बॉक्सकार, कांजिण्यांच्या खुणांसारखे दिसतात. आणि उथळ, लाटांसारखे ते रोलिंग. घरी बघायचं तर खिडकीशी उभं राहा, उजेड बाजूने येऊ द्या, समोरून नको. मग दोन बोटांनी गाल ताणा. ताणल्यावर जे जवळजवळ नाहीसे होतात ते रोलिंग. ते खालून तंतूंनी ओढलेले असतात, म्हणून सुई घालून तंतू सोडवतात, त्याला सबसिजन म्हणतात. ताणूनही जे टोकासारखे तसेच राहतात ते आइसपिक. संत्रा यांना दिलं ते त्यांच्यासाठीचं 'क्रॉस' तंत्र. २००२ मध्ये कोरियातल्या डॉक्टरांनी ते प्रसिद्ध केलं. ६५ ते १०० टक्के टीसीए फक्त खड्ड्याच्या तळाशी टेकवायचं. तिथे जखम होते आणि भरताना नवं कोलॅजन तयार होतं. बॉक्सकारसाठी मायक्रोनीडलिंग (बारीक सुयांनी टोचणं) किंवा फ्रॅक्शनल लेझर (ठिपक्याठिपक्यांनी दिलेलं लेझर) जास्त उपयोगी पडतं. एकाच चेहऱ्यावर बहुतेक वेळा तिन्ही प्रकार असतात, म्हणून उपचारही मिसळून करावे लागतात.

आता सावळ्या रंगाचं. १९७५ मध्ये फिट्झपॅट्रिक नावाच्या डॉक्टरांनी ऊन लागल्यावर कातडी कशी वागते यावरून प्रकार पाडले. आपल्यातले पुष्कळजण चौथ्या-पाचव्या प्रकारात मोडतात. आपल्या रंगपेशी चटकन चिडतात, जराशी इजा झाली की रंग ओततात. म्हणून झुळूक, तुझी भीती खरी आहे. आपल्याकडे पीलआधी दोन ते चार आठवडे क्रीम देऊन कातडी तयार करतात, तीव्रता हळूहळू वाढवतात आणि सनस्क्रीनवर अडून बसतात. खोल फिनॉल पील तर आपल्या रंगाला नकोच. ते हृदयाचे ठोके बिघडवू शकतं आणि पांढरे चट्टे कायमचे ठेवू शकतं. जे क्लिनिक खड्डे न चाचपता पॅकेज देतं, तिथे आगाऊ पैसे भरू नकोस.

पाऊसवेडी
अंजनताई, खिडकीशी जाऊन गाल ताणून बघितला! डावीकडचे बरेच गायब होतात. इतकी वर्षं मी डाग घालवायची क्रीमं लावत बसले होते, हे कोणीच सांगितलं नव्हतं.

कोथरूडकर
ताईंची पोस्ट प्रिंट काढून लावण्याजोगी आहे. दुचाकीबद्दल कोणी बोललं नाही म्हणून लिहितो. आमच्या पुण्यातल्या मुली स्कार्फने चेहरा असा बांधतात की सख्ख्या भावालाही सिग्नलला ओळखू येत नाही. उन्हासाठी ते चांगलंच. पण तोच स्कार्फ आठवडाभर डिकीत पडलेला असतो, घामट आणि धुळीचा. माझ्या बहिणीला मुरूम बरोबर पट्टी घट्ट बसते तिथेच यायचे, गालाच्या हाडावर आणि हनुवटीखाली. रोज धुतलेला सुती स्कार्फ आणि सैल गाठ, एवढ्यावर बराच फरक पडला.

अंजन
कोथरूडकर, अगदी बरोबर. घासलं जाणं आणि घाम यांनी मुरूम वाढतात, हेल्मेटच्या पट्ट्यानेही. आणि नवे मुरूम येत असतील तर आधी ते आटोक्यात आणायचे, मगच खड्ड्यांना हात. नाहीतर एकीकडे भरायचे आणि दुसरीकडे नवे पडायचे.

भटका
सगळ्यांचा आदर ठेवून विचारतो. हे करायलाच हवं का? माझ्या चेहऱ्यावर खड्डे आहेत, बायकोने त्यांच्यासकट पसंत केलं, नोकरी चालली आहे. लग्नाच्या फोटोसाठी ॲसिड लावून घ्यायचं, हे मला पटत नाही. होणाऱ्या नवऱ्याला चेहरा माहीत आहे ना?

अबोली
भटका, तुम्हाला तुमचा चेहरा आवडतो हे छानच आहे. पण घरी आलेला प्रत्येक पाहुणा 'चेहऱ्याला काहीतरी लाव गं' म्हणतो, ते पुरुषांना क्वचित ऐकावं लागतं. कांदेपोह्यांना बसलेल्या मुलीला कोणाची तरी मावशी उजेडाकडे तोंड करायला सांगते. हे मी ऐकलंय. उपचार घ्यावासा वाटणं हा कमीपणा नाही.

झुळूक
भटका, त्याला चेहरा माहीत आहे आणि त्याची काही तक्रार नाही. मला स्वतःला हवंय. कॉलेजपासून आरशात बघताना मी मान एका बाजूला वळवते, ती सवय जायला हवी. लग्नाची तारीख फक्त निमित्त आहे.

भटका
हे पटलं. मनापासून शुभेच्छा. मग तारखेची घाई करू नकोस, एवढंच म्हणेन.

रानवारा
घाईवरून सांगतो. माझ्या मामेबहिणीने साखरपुड्याच्या आधी एका पार्लरमध्ये पील करून घेतलं. कुठलं ॲसिड, किती टक्के, काही सांगितलं नाही. त्याच आठवड्यात ब्लीच आणि थ्रेडिंगही केलं. गालांची हाडं आणि वरचा ओठ काळा पडला. मग शेजारच्या कोणीतरी सुचवलेली गोरेपणाची क्रीम मेडिकलमधून आणली. ती लावली की चेहरा तुकतुकीत, थांबवली की लालबुंद आणि आग आग. गालांवर लव वाढली. आता ती घराबाहेर पडायला तयार नाही. अंजनताई, यातून बाहेर येता येतं का?

अंजन
येतं, पण धीर धरावा लागतो. त्या क्रीममध्ये बहुधा रंग फिका करणारं हायड्रोक्विनोन, साल काढणारं ट्रेटिनॉइन आणि एक स्टेरॉइड असं तिहेरी मिश्रण असावं. डॉक्टरच्या देखरेखीखाली थोडे आठवडे वापरायचं ते औषध आहे, लोक महिनोन्‌महिने गोरेपणासाठी लावतात. कातडी पातळ होते, रक्तवाहिन्या दिसू लागतात, लव वाढते, मुरूम उठतात. हा प्रकार आपल्याकडे इतका पसरलाय की भारतीय डॉक्टरांनी त्याला स्टेरॉइडने बिघडलेला चेहरा असं स्वतंत्र नावच दिलं. २०१८ मध्ये सरकारने स्टेरॉइडची बरीच मलमं चिठ्ठीशिवाय विकायला बंदी घातली, तरी सर्रास मिळतात.

तिला एकदम बंद करायला लावू नका, आग वाढेल. त्वचारोगतज्ज्ञाकडे न्या, ट्यूब बरोबर घ्या. ते हळूहळू कमी करतील. तोवर साधं मॉइश्चरायझर आणि सनस्क्रीन, दुसरं काही नको. पील तर आता अजिबात नको. आणि तिला सांगा, पीलनंतरचा काळेपणा बहुतेक वेळा उतरतो.

केमिस्ट_काका
माझ्या काउंटरवर रोज कोणीतरी ट्यूबचं रिकामं टोक दाखवून 'हीच द्या' म्हणतं. मी देत नाही, मग पुढच्या दुकानात जातात. ट्यूबवरची बारीक अक्षरं वाचा. मोमेटासोन, बीटामेथासोन, क्लोबेटासॉल या स्टेरॉइडांतलं काही दिसलं तर ती रोज चेहऱ्याला लावायची क्रीम नव्हे.

सातासमुद्रापार
मी इंग्लंडमध्ये लेस्टरला असते. इथल्या त्वचातज्ज्ञ बाईंनी पीलआधी मला विचारलं, डास चावला तर डाग किती दिवस राहतो? मी म्हटलं, महिनोन्‌महिने. त्यावर त्यांनी ठरवलेलं पील बदलून सौम्य केलं आणि आधी कानामागे थोडं लावून बघितलं. ओठाला कधी नागीण उठली होती का, हेही विचारलं. ताई, नागिणीचा काय संबंध?

अंजन
चांगल्या डॉक्टर भेटल्या तुम्हाला. ओठांवर पुन्हा पुन्हा पुरळ आणणारा हर्पिसचा विषाणू मज्जातंतूंत दडून राहतो. मध्यम किंवा खोल पीलच्या जखमेने तो उसळून चेहराभर पसरू शकतो. म्हणून आधीपासून ॲसायक्लोव्हिरसारखं विषाणूविरोधी औषध सुरू करतात.

पाऊसवेडी
मला मुरुमांसाठी आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्या सुरू आहेत. एक डॉक्टर म्हणाले पील आता नाही, थांबल्यावर सहा महिन्यांनी. दुसरे म्हणाले चालेल. कोणाचं ऐकू?

अंजन
सहा महिने हा जुना नियम आहे. २०१७ मध्ये अमेरिकेतल्या तज्ज्ञांनी एकत्र बसून उपलब्ध पुरावे तपासले आणि हलक्या पीलसाठी इतकं थांबायला आधार नाही असं म्हटलं. मध्यम आणि खोल पील, किंवा पूर्ण चेहऱ्याचं खोल लेझर मात्र अजूनही टाळतात. तेव्हा दोघांपैकी ज्यांनी कुठलं पील ते नीट सांगितलं, त्यांचं ऐक. आणि त्या गोळ्या चालू असताना गर्भ राहता कामा नये, हे तुला सांगितलेलं असेलच, तरी पुन्हा सांगते. बाळात गंभीर व्यंग येऊ शकतं.

झुळूक
मंडळी, अपडेट. पॅकेज घेतलं नाही. एका मेडिकल कॉलेजच्या त्वचारोग विभागात गेले. सकाळी लवकर केसपेपर काढून रांगेत बसले, वेळ गेला, पण मॅडमनी गाल ताणून, बाजूने टॉर्च मारून प्रत्येक भाग बघितला. फोटो काढले. म्हणाल्या, उजव्या कानशिलाजवळ थोडे आइसपिक आहेत, गालांवर बहुतेक रोलिंग, हनुवटीवर नुसता रंग. पूर्ण चेहऱ्याला टीसीए तुला नको. आता हनुवटीसाठी मँडेलिकचं हलकं पील, रात्री क्रीम, दिवसा सनस्क्रीन. क्रॉस आणि सबसिजन लग्नानंतर, पावसाळा सुरू झाला की, कारण खपल्या आणि सूज घेऊन मांडवात बसायचं नाही. खड्डे अर्धे जरी उथळ झाले तरी आनंद मान, असंही स्पष्ट सांगितलं. मला ते ऐकून बरं वाटलं, कारण आकडा सांगून कोणी भुलवलं नाही.

एक विचारायचं राहिलं. हळदीला काय करू? आत्या-मावश्या चेहऱ्याला चोळून हळद लावणार.

आजीबाईचा_बटवा
झुळूक बाळा, मी तुझी आजी असते तर सगळ्यांना दम भरला असता. गालाला बोटाने टेकवायची, चोळायची हातापायांना. शास्त्र तेवढ्याने पुरं होतं. आणि लिंबाचं मी माझ्या नातीला सांगितलं हो.

अंजन
आजींशी शंभर टक्के सहमत. शेवटचं पील लग्नाच्या निदान महिनाभर आधी संपव. पीलच्या आधी-नंतर आठवडाभर थ्रेडिंग, वॅक्सिंग, ब्लीच काही नाही. रात्रीची रेटिनॉइडची (ट्रेटिनॉइनसारखी) क्रीम पीलच्या काही दिवस आधी थांबवायला सांगतील, ते विसरू नकोस. सनस्क्रीन दोन बोटांच्या लांबीइतकं घ्यायचं, एसपीएफ ३० किंवा जास्त, आणि ऑफिसमधून निघण्याआधी पुन्हा. स्कार्फ आहे म्हणून सोडायचं नाही.

नागपुरी_संत्रा
फोटो काढलेत हे फार चांगलं झालं. दर वेळी त्याच जागी, त्याच उजेडात काढून ठेव. रोज आरशात फरक कळत नाही, मला तर फोटो बघूनच पटलं. नवं कोलॅजन बनायला महिने लागतात.

रानवारा
बहिणीला तज्ज्ञाकडे नेलं. ट्यूबमध्ये मोमेटासोन निघालं, काकांनी सांगितलेलंच. उपचार सुरू झालेत. तिला हा धागा वाचायला दिलाय.

पाऊसवेडी
शेवटचा प्रश्न ताई, त्रास देतेय. माझ्या पाठीवर आणि खांद्यांवरही मुरुमांचे व्रण आहेत, काही उंचवट्यासारखे आणि खाजणारे. तिथे पील चालतं का?

अंजन
त्रास कसला. उंच आणि खाजणारे म्हणजे ते खड्डे नाहीत, केलॉइड किंवा तशा जातीचे व्रण असावेत. खांदे, छाती आणि जबड्याची कड या त्यांच्या ठरलेल्या जागा. तिथे टीसीए टेकवायचं नाही, नवी जखम म्हणजे नवा केलॉइड. त्यांना ट्रायमसिनोलोन या स्टेरॉइडची इंजेक्शनं व्रणातच देतात. सपाट डागांना हलकं सॅलिसिलिक चालतं, पण पाठ चेहऱ्यापेक्षा सावकाश भरते. आणि एका वेळी अख्ख्या पाठीला लावायचं नाही, मोठ्या भागातून ते रक्तात उतरलं तर कानात आवाज येतो, गरगरतं. तुझ्या डॉक्टरांना पाठ उघडी करून दाखव, चेहरा दाखवून परत येऊ नकोस. गोळ्या चालू आहेत हेही तिथेच सांग.